‘तुम्ही बसा, मी वाढते’

या महिन्यात पत्रं जास्त आली. पावसाळा लागला की असंच होतं. बाहेर पडता येत नाही, घरातली माणसं रोज एकमेकांच्या समोर येतात आणि मग मला लिहायला बसतात. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. माझं लहानपण लालबागच्या चाळीत, आईच्या खानावळीत गेलं. लग्नानंतर डोंबिवलीला आले आणि तिथे २२ वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवलं. स्वयंपाकाचा कोर्स वगैरे काही केलेला नाही. प्रमाण विचारलंत तर वाटीत सांगेन, ग्रॅम विचारू नका.

प्रश्न : माझी सून नोकरी करते. संध्याकाळी सातला घरी आली की एकदम पंधरा पोळ्या करून डब्यात भरते आणि नऊ वाजता आम्ही सगळे त्या गार पोळ्या खातो. माझ्या मुलाला लहानपणापासून तव्यावरची पोळी थेट ताटात पडायची सवय आहे. ‘मी गरम करून वाढते’ असं म्हटलं, तर सून म्हणाली, ‘मग आई, तुम्ही कधी जेवणार?’ मला ते उलट उत्तर वाटलं. माझं काही चुकतंय का?
– एक सासूबाई, सांगली

ताई, ते उलट उत्तर नव्हतं. साधा प्रश्न होता आणि तुम्ही त्याचं उत्तर अजून दिलेलं नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलगा कुठे बसतो, नातवाला कोणती भाजी चालत नाही, सून कुठल्या बसने येते, सगळं त्यात आहे. तुम्ही कुठे बसून जेवता तेवढं मात्र नाही. माझा अंदाज सांगते. सगळ्यांचं झाल्यावर, ओट्याला टेकून, शेवटची जरा जास्त भाजलेली पोळी आणि कढईच्या कडेला राहिलेली भाजी. चूक असेल तर कळवा, पुढच्या अंकात माफी मागेन.

आपल्याकडे पाहुणा जेवायला बसला की एक ठरलेलं बोलणं होतं. तो म्हणतो, ‘वहिनी, तुम्हीपण बसा ना.’ वहिनी म्हणते, ‘तुम्ही बसा, मी वाढते.’ तो आणखी एकदा म्हणतो, फार तर दोनदा, आणि वरण-भात कालवायला लागतो. दोघांनाही ठाऊक असतं की वहिनी बसणार नाही. या सदराचं नाव मी त्याच वाक्यावरून ठेवलंय, थोडं चेष्टेनं आणि बरंचसं रागानं.

गरम पोळीबद्दल मी बोलू शकते, कारण मी पोळ्या विकल्यात. पहाटे पाच ते अकरा, चार बायका, तीन तवे, रोजच्या सहाशे-सातशे पोळ्या. त्यातली एकही कुणी गरम खाल्लेली नाही. सकाळची लोकल पकडणाऱ्या माणसाने ती दुपारी एक वाजता फोर्टातल्या ऑफिसात डबा उघडून खाल्ली. तक्रारी आल्या त्या मीठ कमी असल्याच्या, भाजीत नुसता बटाटाच असल्याच्या. पोळी गार आहे म्हणून २२ वर्षांत कुणी परत पाठवली नाही.

मात्र गार खायची पोळी करायची रीत वेगळी. कणीक नेहमीपेक्षा सैल भिजवायची, तेलाचा हात लावून अर्धा तास झाकून ठेवायची. लाटताना घडीला तेल लावायचं. तवा कडक तापलेला हवा. मंद तव्यावर पोळी शिजत नाही, वाळते, आणि मग ती वातड झाली म्हणून आपण गव्हाला नावं ठेवतो. उतरवली की लगेच डब्यात कोंबायची नाही. मिनिटभर जाळीवर टाकायची, वाफ जाऊ द्यायची, मग सुती फडक्यात गुंडाळून डबा लावायचा. वाफेसकट भरली तर तळाच्या चार पोळ्या ओल्या होतात आणि त्या बरोबर तुमच्याच वाट्याला येतात. हे सुनेला शिकवायला जाऊ नका. दोन दिवस तुम्ही करून ठेवा, ती आपणहून विचारेल.

आणि आठवड्यातून दोनदा पोळीच नको. माझ्या सासूबाई कराडच्या, त्यांनी मला वरणफळं शिकवली. काही घरी त्यांना चकोल्या म्हणतात. एक वाटी तुरीची डाळ शिजवून घोटून घ्यायची. फोडणीत मोहरी, जिरं, हिंग, हळद, चार पाकळ्या लसूण आणि कढीपत्ता. त्यावर वरण आणि पाणी, चिंच, गूळ, गोडा मसाला, मीठ. आमटी चांगली पातळ ठेवायची, इतकी की बघणाऱ्याला वाटावं आज पाणीच जास्त झालंय. दीड वाटी कणकेत तिखट, हळद, मीठ, चोळून ओवा आणि चमचाभर कडकडीत तेल घालून घट्ट भिजवायची, पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे. आमटी खळाखळा उकळत असताना ते एकेक सोडायचे. मूठभर एकदम टाकले की त्यांचा गोळा होतो. दहा-बारा मिनिटांत शिजतात. जरा वेळाने घट्ट होतं, म्हणून आधणाचं पाणी जवळ ठेवायचं. पातेलं टेबलाच्या मधे, तुपाची वाटी शेजारी, आणि जो तो आपलं आपण वाढून घेईल. या पदार्थाला वाढणारं माणूस लागत नाही, माझ्या लेखी हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. खिचडी-कढी, पिठलं-भात, डाळ-ढोकळी ही सगळी त्याच जातीची. करणारीला बसू देणारी.

मुलाला सवय आहे हे खरंच. पण ती लावली तुम्ही, तेव्हा मोडायचीही तुम्हीच. सुनेने मोडली तर घरात भांडण होतं. आईने मोडली तर मुलगा दोन दिवस तोंड वाकडं करतो आणि तिसऱ्या दिवशी विसरतो.

प्रश्न : पिठल्यात गुठळ्या होतातच. काय करू?
– नवशिका, औरंगपुरा

उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकता म्हणून होतात. एक वाटी डाळीच्या पिठाला दीड वाटी गार पाणी, हाताने कालवून ठेवायचं, चमच्याने नाही. बोटांना गुठळी कळते. मग फोडणीत दोन वाट्या पाणी उकळायचं आणि एका हाताने कालवलेलं पीठ ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. झाकण ठेवून एक दणदणीत वाफ. कच्चट वास गेला की झालं. कोरडं पीठ पेरायचं असेल तर तो झुणका, त्याची गोष्ट वेगळी.

प्रश्न : मी म्युनिकमध्ये दोन वर्षं शिकतोय. आईच्या हातचं साधं वरण इथे जमत नाही. डाळ भारतीय दुकानातून आणतो, आई सांगते तसाच कुकर लावतो, सहा-सात शिट्ट्या करतो, तरी डाळ कणीदार राहते आणि पाणी वेगळं दिसतं. इथे सगळंच जड जातं, चहाची किटलीसुद्धा दर पंधरा दिवसांनी पांढरी होते. फ्लॅटमध्ये अजून दोघं जर्मन मुलं आहेत. फोडणीच्या वासाचं आणि धुराच्या अलार्मचं टेन्शन येतं, म्हणून वरण-भात खोलीत नेऊन लॅपटॉपसमोर खातो. आईची चव कशी येईल?
– एक विद्यार्थी, म्युनिक

अरे बाळा, उत्तर तूच लिहिलंयस आणि तुझं त्याच्याकडे लक्ष नाही. किटली पांढरी होते! तो थर चुन्याचा. तुझ्या नळाला जड पाणी येतं आणि जड पाण्यात डाळ शिजत नाही, कितीही शिट्ट्या दे. आमच्या चाळीत नळाला पाणी नसलं की विहिरीचं आणायचे, त्या दिवशी आईची डाळ अशीच अडून बसायची. गाळणीचा जग मिळतो ना, पाण्याचा जडपणा कमी करणारा? डाळीपुरतं पाणी त्यातून घे. डाळ तासभर कोमट पाण्यात भिजव. शिजताना फक्त हळद, हिंग आणि दोन थेंब तेल. आमसूल, चिंच, टोमॅटो, गूळ यातलं काहीही डाळ पूर्ण मऊ होण्याआधी घालायचं नाही. आंबट पडलं की डाळ आवळून बसते, आणि गुळानेही ती लवकर मऊ होत नाही. डाळ जुनी असेल तरी हाच त्रास होतो, पाकिटावरची तारीख बघ.

शिजली की गरम असतानाच रवीने घोट. रवी नसेल तर अंडी फेटायचं तारेचं असतं ते चालेल, मिक्सर मात्र नको. मिक्सरने वरण चिकट होतं. मग मीठ, नखाएवढा गूळ, पुरेसं पाणी, आणि एकच उकळी.

भाताचं सांगते. आंबेमोहोर तिकडे मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर बासमतीच्या नादी लागू नकोस, त्याचा मऊ भात होत नाही, त्याची शितं आयुष्यभर एकमेकांपासून फटकून राहतात. माझी भाची तिकडे होती, ती दुधात शिजवून गोड खीर करतात तो आखूड तांदूळ आणायची, मिल्शराइस म्हणतात म्हणे. वास नाही, पण चार वाट्या पाणी घालून गुरगुट्या होतो. तूप विकत घेऊ नकोस. बिनमिठाचं लोणी आण आणि मंद आचेवर कढव. आधी फेस येईल, मग बुडबुड्यांचा आवाज बारीक होईल, तळाची बेरी बदामी झाली की उतरव. बेरीत साखर घालून खा. ते तुझ्या आईला सांगू नकोस, ती म्हणेल इतक्यातच आजारी पडशील.

आता धुराच्या अलार्मचं. साध्या वरणाला फोडणी नसतेच रे! तिखट-आंबट आमटीला असते. वरण म्हणजे डाळ, हळद, हिंग, मीठ. त्याने कुठला अलार्म वाजणार? तू वासाच्या भीतीने खोलीत जातोस आणि पदार्थ मात्र असा, की ज्याला वास जवळजवळ नाही. भाची सांगायची, तिकडे संध्याकाळी पाव, चीज, काकडी असं गारच खातात, आबेंडब्रोट म्हणतात त्याला. ती दोघं तसं काही खात टेबलाशी बसलेली असतील तेव्हा तुझं ताट घेऊन तिथेच बस. ‘घ्या ना’ म्हणून आग्रह करू नकोस. वरून तूप सोड आणि लिंबू पिळ. कुणीतरी विचारेलच, हे पिवळं काय आहे. नाही विचारलं तरी लॅपटॉपपेक्षा बरी सोबत.

आईची चव येईल का, ते मला माहीत नाही. तिच्या वरणात तिच्या गावचं पाणी आहे.

प्रश्न : नवरा चाकणला कारखान्यात, एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. मुलगा रात्रीच्या शिफ्टला हिंजवडीत. मुलगी क्लासहून साडेनऊला येते. मी संध्याकाळी सातपासून रात्री बारापर्यंत चार वेळा तेच जेवण गरम करते. कधी कुणी बाहेरून खाऊन येतं आणि सांगत नाही. सगळ्यांनी एकत्र जेवावं असं सगळीकडे लिहितात, आमच्या घरी ते होणं शक्य नाही. मग आमचं काय?
– थकलेली, भोसरी

एकत्र जेवावं असं लिहिणाऱ्यांच्या घरी पाळ्या नसतात, त्यांचं मनावर घेऊ नका.

आमची खोली दहा बाय बाराची. आईकडे अठरा मेंबर होते, सगळे गिरणीतले, बहुतेक सावंतवाडी-कुडाळकडचे. बायकापोरं गावाला आणि इथे एकेका गाळ्यात वीस-पंचवीस पुरुष. एक कामावर गेला की त्याच्या जागी दुसऱ्याने वळकटी पसरायची. गिरणीच्या तीन पाळ्या, तशा आईच्याही तीन. भोंगा झाला की ती तवा ठेवायची, घड्याळ आमच्याकडे नव्हतंच. एका वेळी सहाजणांची पंगत, ती उठली की दुसरी. म्हणजे अठराजण एकत्र कधीच जेवले नाहीत, गणपतीतसुद्धा नाही.

पण त्या खोलीत कुणी एकटं जेवल्याचं मला आठवत नाही. रात्रपाळीचा एखादा अवेळी यायचा. त्याचं ताट वाढून आई समोर सूप घेऊन बसायची, तांदूळ निवडत. बोलायची असं नाही. ‘आज बांगडा महाग होता’, एवढं एखादं वाक्य. पण त्याचा हात धुऊन होईपर्यंत उठायची नाही. मला झोप यायची, दिवा मालवायचा असायचा, मी वैतागून विचारलं की तू कशाला बसतेस. ती म्हणाली, ‘एकट्या माणसाला दुसऱ्यांदा भात मागायला लाज वाटते गं.’

तेव्हा तुमच्या घरी चार पंगती होणार असतील तर होऊ द्या. फक्त प्रत्येक पंगतीला समोर कुणीतरी बसेल असं बघा, आणि ते कुणीतरी दर वेळी तुम्हीच असायला नको. मुलगी साडेनऊला येते ना? मग बापाची दुसरी पाळी असेल त्या आठवड्यात बारा वाजता तिने समोर बसावं, अभ्यासाचं पुस्तक घेऊन का होईना. मुलगा रात्री निघण्याआधी जेवतो तेव्हा तुम्ही तुमचं ताट घ्या. हो, तुमचंही जेवण तेव्हाच. बारा वाजेपर्यंत थांबायचं नाही. सगळ्यांचं झाल्यावर जेवणारी बाई घरात असली की बाकीच्यांना अवेळी यायला काही वाटत नाही, हे मी पाहिलंय.

न सांगता बाहेर खाऊन येण्यावर खानावळीत जालीम उपाय होता. खाडा. आदल्या रात्री किंवा सकाळी सांगितलं की ‘उद्या माझा खाडा’, तर त्या जेवणाचे पैसे महिन्याच्या हिशेबातून वजा. न सांगता दांडी मारली तर जेवलात असंच धरायचं. दाराच्या मागे खिळ्याला वही टांगलेली असायची, प्रत्येकाच्या नावापुढे खाड्याच्या फुल्या. तुम्ही फ्रिजवर एक कागद चिकटवा. चार वाजेपर्यंत ज्याने फुली मारली नाही तो घरी जेवणार, आणि न सांगता बाहेर खाल्लं तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या डब्यात रात्रीचीच भाजी. पैसे वजा करता येत नाहीत, पण ही भाजी पुरते. भात उरला तर सकाळी फोडणीचा भात, पोळ्या उरल्या तर कुस्करा. त्याबद्दल कुणी नाक मुरडलं तर त्यालाही कागद दाखवायचा.

आईच्या त्या वहीचं पुढे काय झालं ते सांगते, विषय निघालाच आहे तर. खानावळवाल्या बायका महिनाभर वाण्याच्या उधारीवर अन्न शिजवायच्या, पगार झाला की मेंबर पैसे द्यायचे. मधे काही अडलं की सावकार. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. आई त्यात उशिरा गेली, सही शिकून. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, पगार बंद. महिना-दोन महिन्यांत संपेल म्हणून आई उधारीवर वाढत राहिली. आधी बांगडा बंद झाला, मग आमटीत डाळ कमी झाली, मग मेंबर एकेक करून गावी गेले. बाकी वहीतच राहिली. त्यातला एकजण भाताची कापणी आटपून उकड्या तांदळाचं अर्धं पोतं डोक्यावर घेऊन चार जिने चढून आला आणि म्हणाला, ‘वयनी, बाकीतनं वजा कर.’ आईने त्याला आधी जेवायला घातलं, मग वही काढली आणि बाजारभाव लावून नीट वजा केलं. एक पैसा इकडे नाही, तिकडे नाही. अजून एकशे चाळीस रुपये राहतात, असं तिने त्याला सांगितलंही.

तेव्हा मला ते फार कठोर वाटलं होतं. आता वाटतं, सगळं माफ केलं असतं तर तो पुन्हा त्या खोलीत जेवायला बसू शकला नसता.

प्रश्न : वय ७६. पत्नीला जाऊन चौदा महिने झाले. दुपारी डबा येतो. रात्री मी एक वाटी भात लावतो, मेतकूट, तूप, मीठ घालून पातेल्यातच कालवतो आणि ओट्याशी उभा राहून खातो, तेवढंच एक भांडं कमी घासावं लागतं. मेतकूट दुकानातून आणतो पण तिच्याच बरणीत भरतो, तळाशी थोडं जुनं राहतंच. मुलगी फोनवर रागावते की रोज एकच काय खाता. मला दुसरं काही खावंसं वाटत नाही. खालच्या मजल्यावर नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात, तेही एकटेच. बाकी ओळख फारशी नाही.
– एक वाचक, नाशिक

दादा, मी रागावणार नाही. मेतकूट-भात रोज खाल्लात म्हणून काही बिघडत नाही. मुलीला सांगा, मेतकुटात हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, गहू, तांदूळ, धणे, जिरं, मेथी, सुंठ, हिंग, हळद, जायफळ एवढं सगळं असतं. फक्त ते चमचा-दीड चमचाच पोटात जातं, म्हणून सोबत वाटीभर दही किंवा ताक घ्या, आणि कुकरमध्ये भाताच्याच भांड्यात मूठभर मुगाची डाळ टाका. वेगळं भांडं लागत नाही, चवही फार बदलत नाही.

बरणी बदलू नका.

उभ्यानं खाण्याचं मात्र बघा. याच अंकात सांगलीच्या एका ताईंचं पत्र आहे, त्याही ओट्याशी उभ्यानं जेवतात असा माझा संशय आहे. त्यांच्या घरी निदान पाच माणसं पुढे जेवून उठलेली असतात. एक ताट घ्या. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, लोणचं, मधे भात. एवढं मांडलं की बसावंच लागतं, ताट हातात धरून कालवता येत नाही. ते घासायचा कंटाळा आला तर पातेलं आणि ताट रात्री नुसतं पाणी घालून ठेवा, सकाळी बाई घासतील.

खालच्या गृहस्थांचा उल्लेख तुम्ही पत्रात उगीच केला असेल असं मला वाटत नाही. गुरुवारी त्यांना वर बोलवा. पदार्थ वाढवू नका. पापड भाजा, फार तर. दोन पदार्थ जास्त केलेत की त्यांना पुढच्या वेळी तेवढे करावे लागतील, आणि मग दोघंही टाळायला लागाल. मेतकूट-भाताला बोलावलंत तर परतफेडीला तेही काही मोठं मांडणार नाहीत, खिचडी टाकतील. ‘जेवायला या’ असंही म्हणू नका, ते अवघडतील. ‘भात जरा जास्त पडलाय’ म्हणा. ते ओळखतील. ओळखू द्या.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही पेजेला आंबेमोहोर तांदूळ घ्या असं लिहिलंत. आमच्याकडे ते वाचून घरातल्या तीन पिढ्या हसल्या. पेज उकड्या तांदळाची. आणि सोबत फणसाची भाजी.
– एक वाचक, कुडाळ

चुकलं. कबूल. चाळीस वर्षं डोंबिवलीत आणि सासर कराडचं, त्यात हात आंबेमोहोराला सरावला. आई असती तर वहीत माझ्या नावापुढे फुली मारली असती. सुधारून लिहिते. उकडा तांदूळ एक वाटी, स्वच्छ धुऊन, आठ-नऊ वाट्या पाणी, मोठं पातेलं, झाकण अर्धवट. मंद आचेवर शीत फुटेपर्यंत, घाई असेल तर करू नये. मीठ शेवटी. शितं तळाला आणि वर दाट पाणी असं राहिलं पाहिजे, एकजीव झाली तर ती पेज नव्हे, आटवल.

फणसाच्या भाजीचं मात्र मला पटलेलं नाही. पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा, दुसरं काही नाही. त्यावर पुढच्या अंकात भांडू. तुमच्या तिन्ही पिढ्यांनी सह्या करून पत्र पाठवावं.